जुनी मारुती 800 गरम होतेय: फॅन डायरेक्ट, रॉडिंग, नवा रेडिएटर की थेट हेड?

आमची मारुती 800, 2007 ची, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो ती), बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. गेल्या तीन वर्षांत ती तीनदा तापली, तिन्ही वेळा कारण वेगळं, आणि दरवेळी गॅरेजमध्ये तोच प्रश्न, स्वस्तातलं करू की पक्कं करू. पहिल्या दोन वेळा मी चुकीचं निवडलं. ज्यांची जुनी 800, ओम्नी, झेन, सँट्रो अशी कुठलीतरी गाडी तापतेय आणि मेकॅनिकने दोन-तीन ऑप्शन सांगून डोक्याला ताप दिलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पैशाचं नंतर बघू, आधी एवढंच बघा की गाडी तापते कधी. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळून 50-60 चा स्पीड धरला की खाली येतो, तर भानगड फॅनची आहे, म्हणजे मोटर, रिले, फ्यूज, स्विच यातलं काहीतरी. उलट गावात नीट चालते आणि खंबाटकी चढताना किंवा 80 च्या पुढे काटा वर सरकायला लागतो, तर फॅनला दोष देऊ नका, तिथे समोरून वारा मिळतोच आहे, रेडिएटर आतून चोक असेल, वॉटर पंप गेला असेल किंवा बेल्ट घसरत असेल. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढला तर एकतर पाणी नाही किंवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय. आणि पाणी रोज कमी होतं पण खाली एक थेंब दिसत नाही, तर मग जरा पोटात गोळा येऊ द्या, कारण ते पाणी इंजिन पितंय.

दुसरी फुकटची टेस्ट म्हणजे हात. काटा वर गेला की इंजिन बंद करून (बेल्ट आणि फॅनपासून हात लांब ठेवून) रेडिएटरचे दोन जाड पाइप चाचपा. 800 मध्ये थर्मोस्टॅट वरच्या पाइपच्या बाजूला असतो, त्यामुळे इंजिन उकळतंय पण वरचा पाइप नुसता कोमट असेल तर थर्मोस्टॅट उघडलाच नाही, आणि वरचा चटका देतोय पण खालचा गार असेल तर रेडिएटरमधून पाणी फिरत नाहीये. रेडिएटरची जाळी कुठे गरम कुठे गार आहे ते इन्फ्रारेड गनने छान कळतं, फक्त कोरोनात घेतलेली कपाळाची गन नका काढू, ती 42-43 च्या वर नुसतं एरर दाखवते, मी करून बघितलंय.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे निम्मे मेकॅनिक सांगतात काढून टाका साहेब, आपल्या हवेत लागत नाही, तो थंड देशांसाठी असतो. काढला की काटा खरंच खाली राहतो आणि आपण खूश. पण इंजिन पूर्ण तापायलाच खूप वेळ घेतं, एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि मुख्य म्हणजे रेडिएटर अर्धा चोक असेल तर ते काही महिने झाकलं जातं. माझं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. नवीन थर्मोस्टॅट मला साडेचारशेला पडला, सोबत कागदी गॅस्केट. जुना गेलाय की नाही हे घरीच बघता येतं, दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा, खाली गॅस लावा, त्यावर बहुतेक 82 किंवा 88 असा आकडा छापलेला असतो, त्या आसपास व्हॉल्व्हची चकती हळूहळू उचलली गेली पाहिजे. माझ्या जुन्याची चकती पाणी खळखळा उकळलं तरी जागची हलली नाही. पातेलं मात्र आईने परत स्वयंपाकात घेतलं नाही. इथे ऑप्शन वगैरे काही नाही, नवीनच टाका.

फॅन डायरेक्ट करणं हा त्याचाच भाऊ. स्विच किंवा रिले गेलाय, तर चावी फिरवली की फॅन सुरू अशी वायर जोडून देतात, शंभर-दोनशेत काम. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय तर बिनधास्त करा, मी पण करेन. पण तसंच ठेवलं तर मोटर दिवसभर फिरते, जुन्या बॅटरी-अल्टरनेटरवर लोड येतो, आणि एक दिवस मोटरच बसते तेव्हा तुम्हाला कळत पण नाही, कारण फॅनचा आवाज कधी येतो-जातो ही सवयच मोडलेली असते. आधी बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावून बघा. फिरली तर मोटर ठीक, मग रिले-स्विच शोधा, ते स्वस्त असतं. अडखळत फिरली किंवा हाताने ढकलावी लागली तर मोटर बदला.

यापेक्षाही स्वस्त गोष्ट रेडिएटरची कॅप, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. तिच्यावर 0.9 असं लिहिलेलं असतं, तेवढा दाब धरला की आतलं पाणी 100 ला न उकळता 118 च्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब धरत नाही, पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत फेकलं जातं, आणि कॅपमधला छोटा व्हॉल्व्ह चिकटला असेल तर गाडी गार झाल्यावर ते परत आत खेचलं जात नाही. बाटली काठोकाठ पण रेडिएटर रिकामा असं दिसलं तर आधी दीडशे रुपयांची कॅप बदला, मग बाकीचं.

रॉडिंग की नवा रेडिएटर, यावर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं गेलं माझं. जुना कॉपर-ब्रासचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची-खालची टाकी झाळ वितळवून काढतो, एकेका नळीतून पातळ पट्टी घालून गाळ बाहेर ढकलतो आणि टाकी परत झाळतो. मी समोर उभा राहून बघितलं, विटकरी रंगाचा चिखल आणि त्यात पांढरे पापुद्रे, बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबाला आतून धरतात ना तसेच. आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत होतो त्यामुळे कोणावर चिडणार. 700 रुपये घेतले. गाडी पाच महिने झकास चालली, मग एका कोपऱ्यात झाळ सुटली आणि गळायला लागली, ती परत लावून घेतली, मग दुसरीकडे. नळ्याच इतक्या वर्षांनी पातळ झालेल्या असतात की रॉडने घासल्यावर त्यांचाही जीव जातो. तरी रॉडिंग वाईट असं मी म्हणणार नाही, ओरिजिनल कॉपरचा जाड रेडिएटर असेल, जाळी कुजलेली नसेल आणि रेडिएटरवाला जुना जाणता असेल तर ते बाजारातल्या हलक्या मालापेक्षा टिकतं. पण जाळीवर बोट फिरवल्यावर पत्रे भुगा होऊन पडत असतील तर त्यावर एक रुपया घालू नका.

नवा म्हणजे बहुतेक अल्युमिनियमचा, टाकी प्लास्टिकची. मला 2,800 ला पडला, फिटिंग वेगळं. हलका, उष्णता चांगली सोडतो, पण तो रस्त्यात फुटला तर गावातला रेडिएटरवाला झाळून देऊ शकत नाही, प्लास्टिकला काय झाळणार. म्हणून तुमचं फिरणं आडरानात असेल तर कॉपर, शहर आणि हायवे असेल तर अल्युमिनियम, असा माझा हिशोब. घेताना जुना सोबत नेऊन नळ्यांची जाडी आणि ओळी मोजून घ्या, पातळ जाळीचा स्वस्त माल देतात आणि तो एसी लावल्यावर कमी पडतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात जुन्या बाजारात सेकंडहँड पण मिळतो पण रेडिएटर सेकंडहँड घेण्यात मला अर्थ वाटत नाही, दुसऱ्याचा चोक झालेला तुम्ही विकत घेताय.

पाणी की कूलंट हे पटकन सांगतो. उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे, त्यामुळे कूलंट टाकला की तापणारी गाडी तापायची थांबते असं काही नसतं. कूलंट लागतो तो गंज आणि क्षार धरू नयेत, पंपाचं सील टिकावं आणि उकळबिंदू थोडा वर जावा म्हणून. म्हणजे तो दुरुस्तीनंतर टाकायचा, दुरुस्तीऐवजी नाही. कॉन्सन्ट्रेट घेतला तर बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मा-निम्मा, रेडी मिक्स घेतला तर त्यात परत पाणी नाही. भरल्यावर कॅप उघडी ठेवून फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, आतली हवा निघून पातळी खाली जाते, तेवढं परत भरा. ही हवा राहिली म्हणून नव्या रेडिएटरवर पण गाडी तापल्याचं मी बघितलंय.

आता खरं दुखणं. गेल्या मे महिन्याच्या आधीचा मे, कराडला निघालो होतो, आई मागे. थर्मोस्टॅट काढलेला, फॅन डायरेक्ट, झाळ सुटलेला रेडिएटर, म्हणजे सगळे जुगाड एका गाडीत. खंबाटकीत काटा चढला, मी एसी बंद केला, हीटर फुल केला (हे बरोबर होतं, हीटर पण छोटा रेडिएटरच असतो), आणि दोन मिनिटांत काटा धपकन खाली आला. मी म्हटलं सुटलो. काटा खाली आला होता कारण सेन्सरजवळ पाणीच उरलं नव्हतं, तो वाफेत लटकत होता. पुढच्या वळणावर इंजिन खडखडायला लागलं आणि पॉवर गेली. घाईत मी त्या तापलेल्या इंजिनात बिसलेरीची गार बाटली ओतली. अर्धा तास नुसतं बॉनेट उघडून थांबलो असतो तर कदाचित हजारात भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कॅप काढून स्टार्टर मारला तर रेडिएटरच्या तोंडातून बुडबुड्यांचा कारंजा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या कॉफीसारखं. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय हे सांगायला आता कोणी नको होतं.

इथे समोर चार रस्ते असतात. हेडचं काम, हाफ इंजिन (म्हणजे हेडखालचा ब्लॉक पिस्टन-रिंगांसकट नवा करणं), सेकंडहँड इंजिन, किंवा गाडी देऊन टाकणं. मला तिघांनी तीन वेगळे सांगितले आणि तिघांनीही न तपासता सांगितले. मी चौथ्याकडे गेलो कारण त्याने आधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावला. मधल्या आणि त्याच्या शेजारच्या सिलिंडरचा दाब पडलेला, मग त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं. ऑइल टाकल्यावर आकडा बराच वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर गळती वर आहे, गॅस्केट किंवा व्हॉल्व्हला. माझा नाही वाढला. ही दहा मिनिटांची टेस्ट न करता जो हाफ इंजिन सांगतो त्याच्याकडून गाडी उचला सरळ.

रिंगा शाबूत असतील तर हेडचं काम पुरतं. 800 चं हेड अल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे तापल्यावर वाकतं ते हेड. लेथवाल्याने हेड उलटं ठेवून त्यावर सरळ पट्टी धरली आणि फटीत फिलर गेजच्या पाती सरकवल्या, 0.05 मिलिमीटरच्या पुढे फट चालत नाही, माझ्या मधल्या सिलिंडरपाशी 0.15 ची पात न अडकता गेली. मग हेड हवेच्या दाबावर पाण्यात बुडवून क्रॅक नाही ना बघितलं, आणि फेसिंग मारलं, म्हणजे घासून सपाट केलं. फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, सील, गॅस्केट, ऑइल, मजुरी सगळं धरून 9,500. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने), मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळले पाहिजेत, म्हणून गॅरेजवाल्याला आधीच विचारा की रेंच आहे का. अंदाजाने आवळतो म्हणाला तर नमस्कार करून निघा. वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट त्याच वेळी बदलून घ्या, सगळं उघडलेलंच असतं.

हाफ इंजिनचं कोटेशन मला 28,000 चं होतं. निळा धूर, ऑइल पिणं, रिंगा गेलेल्या, असं असेल आणि बॉडी सडलेली नसेल तरच. सेकंडहँड इंजिन फिटिंगसकट 19,000 म्हणाले, वेळ वाचतो पण ते इंजिन ज्या गाडीतून निघालं ती का भंगारात गेली हे कोणी सांगत नाही, शिवाय आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि कागद नसलेलं इंजिन घेऊन आरटीओत जाणं म्हणजे वेगळाच ताप. डीलरने आहे तशी गाडी 22,000 ला मागितली होती. स्क्रॅप सेंटरला वजनावर जाते, 800 भरून भरून साडेसहाशे किलोची, म्हणजे फार काही हाती येत नाही, पण सर्टिफिकेट मिळतं आणि नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट. नवी घ्यायचीच असेल तर तो हिशोब करून बघा.

मी हेड केलं कारण 2022 मध्ये पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगचे 5,000 भरून झाले होते (एप्रिल 2022 च्या आधी हेच 600 होते, माझं नशीब, गाडीचं पासिंग मे मध्ये आलं), पत्रा चांगला आहे आणि आरसी 2027 पर्यंत आहे. पासिंग तोंडावर आलेलं असतं आणि खालचा पत्रा कुजलेला असता तर ते 22,000 घेऊन मोकळा झालो असतो. आता डिकीत पाच लिटरचा कॅन असतो, डिस्टिल्ड वॉटरचा, आणि खंबाटकी लागली की आई मागून विचारते काटा कुठाय.