नर्सिंग शिकताना असिस्टंटचं काम कुठे करावं: ब्युरो, छोटं नर्सिंग होम आणि ट्रस्टचं हॉस्पिटल

ज्युनिअर मुली सारख्या विचारतात की कॉलेज सांभाळून नाहीतर सुट्टीत काम कुठे धरू, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी नाशिकला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) थर्ड इयरला आहे. होमकेअरचा ब्युरो (पेशंटच्या घरी माणसं पाठवणारी एजन्सी) केला, एक छोटं नर्सिंग होम केलं आणि आता ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेल मेडिकल वॉर्डला आहे. नावं कुणाचीच देत नाही, असल्या जागा प्रत्येक शहरात आहेत.

आधीच सांगते, ट्रस्टचा वॉर्ड घ्या. पगार तिघांत कमी असला तरी.

ब्युरोचं बघा, पैसे बरे मिळतात पण ब्युरोवाले आपलं कमिशन कापूनच हातात देतात. 12 तास किंवा 24 तासांची ड्युटी, पेशंटच्या घरी, बहुतेक पॅरालिसिसचे नाहीतर एकदम वयस्कर, अंथरुणाला खिळलेले. एकाच पेशंटची सेवा नीट शिकता येते हे खरंय, स्पंज, बॅक केअर, डायपर, नळीतून फीड, सगळं हाताखालून जातं. पण विचारायला कुणी नसतं हो! फीड देताना डोकं 30 ते 45 अंश वर ठेवायचं, दिल्यावर लगेच आडवं करायचं नाही, हे आपल्याला माहीत असतं, पण मध्येच ठसका लागला आणि ऑक्सिजनचं सॅच्युरेशन खाली यायला लागलं तर फीड थांबवून पुढे काय, तिथे घरचे सगळे तुमच्याच तोंडाकडे बघत असतात. शिवाय हळूहळू भांडी, पोळ्यापण सांगायला लागतात. फर्स्ट इयरच्या मुलींनी ब्युरोला अजिबात जाऊ नका, एकटं पडायचं वय नाही ते शिक्षणाचं.

छोट्या नर्सिंग होमबद्दल मला मनापासून राग आहे. नाईटला स्टाफच नसतो, मग "पुढे करायचंच आहे ना तुला" म्हणून स्टुडंटला आयव्ही इंजेक्शनं द्यायला लावतात. आपलं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं नसतं, आपण तिथे असिस्टंट म्हणून आहोत. अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आली तर पेशंटचा जीव जाऊ शकतो आणि तेव्हा शेजारी सिस्टर नसते. कॉलेज पोस्टिंगला आपण देतो ते सिस्टर किंवा ट्यूटरच्या नजरेखाली, ही गोष्ट वेगळी. मी नाही म्हणायला लागले तर तोंडं वाकडी झाली. सुया पण तिथे परत कॅप लावून पिवळ्या पिशवीत टाकायचे, हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमात सुयांना पांढरा पंक्चर न होणारा डबा सांगितलाय, आणि ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या हातात साधे ग्लोव्हज. मी सोडलं ते काम.

आता ट्रस्टचा वॉर्ड. इथे काम खूप आहे, पाय दुखतात, पण हँडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं) बेडपाशी उभं राहून होतो आणि इन्चार्ज सिस्टर असिस्टंटलाही त्यात उभं करतात. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. डायबेटिसचे एक आजोबा सकाळी घामाने भिजले होते, मुलगा म्हणाला पंखा वाढवा, उकडतंय त्यांना. सिस्टर म्हणाल्या आधी शुगर बघ. 70 च्या खाली! रात्री इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण तसंच परत गेलेलं, ते जेवणाचं ताट बघून सांगणं हे असिस्टंटचं काम आहे हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. इनटेक आउटपुटचं पण तसंच, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून आकडा लिहिला की झालं असं नाही, तासाला 30 एमएलच्या खाली गेलं की चार्ट भरायची वाट न बघता जाऊन सांगायचं, आणि का ते सिस्टर किडनीपासून समजावून सांगतात. बेडसोअरवर (पडून राहून होणाऱ्या जखमांवर) पुस्तकात पानंच्या पानं आहेत पण माकडहाडावरचा लालपणा बोटाने दाबून बघ, पांढरा होतो का, हे मला त्यांनी हात धरून दाखवलं. पेशंट बेडवरच असताना चादर कशी बदलायची ते मावशींकडून शिकले, त्यांच्याइतकं सफाईने मला अजून जमत नाही.

आयसीयूची सगळ्यांना हौस असते. पहिल्या दोन वर्षांत असिस्टंट म्हणून गेलात तर सॅम्पल पोचवणं, लिनन, पोझिशन बदलणं यातच वेळ जातो, आणि पेशंट बहुतेक बोलण्याच्या स्थितीत नसतात. पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलायला वॉर्डमध्येच शिकाल. आयसीयू नंतर आहेच.

कुठेही जाण्याआधी कॉलेजमध्ये विचारून घ्या, आणि हे काम क्लिनिकल पोस्टिंगच्या तासांत धरत नाहीत हे लक्षात ठेवा. तिथे गेल्यावर बिनधास्त विचारा, माझ्या ड्युटीला रजिस्टर्ड सिस्टर कोण असेल, सुई टोचली तर रात्री दोन वाजता कुणाला सांगायचं. सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच लागतं, म्हणून "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर तिथून उठा. हेपॅटायटिस बी चे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, ते कामाला लागायच्या आधीच सुरू करा.

माझे मार्क, ब्युरोला पाचपैकी अडीच, नर्सिंग होमला एक, ट्रस्टच्या वॉर्डला साडेचार. अर्धा कापलाय कारण संध्याकाळची ड्युटी रात्री सुटते तेव्हा मुलींना घरी जायला गाडीची सोय नाही, आम्ही तिघीचौघी मिळून मेट्रनकडे अर्ज दिलाय, अजून उत्तर आलेलं नाही.