रोजगार वाढला की घटला: कोणत्या आकड्यावर कशासाठी विसंबावे

भारतातील रोजगाराविषयी अहवाल, बातमी किंवा धोरणात्मक टिपण लिहिणाऱ्याला निवड करावी लागते ती चार आकड्यांमधून: राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण (पीएलएफएस), सीएमआयई या खासगी संस्थेचे कुटुंब सर्वेक्षण, भविष्य निर्वाह निधी संघटनेची (ईपीएफओ) मासिक नोंद आणि रिझर्व्ह बँकेची ‘क्लेम्स’ (उद्योगनिहाय उत्पादकता व रोजगाराची) माहिती. चारही आकडे एकाच देशाचे असले, तरी ते एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीत.

फरक किती पडतो, हे 2020 सालच्या टाळेबंदीत स्पष्ट दिसले. एप्रिल 2020 मध्ये सीएमआयईने बेरोजगारीचा दर 23.5 टक्के दिला आणि 2019-20 च्या सरासरीच्या तुलनेत सुमारे 12 कोटी रोजगार गेल्याचा अंदाज मांडला. पीएलएफएसच्या तिमाही अहवालात एप्रिल ते जून 2020 या काळात शहरी भागातील दर सुमारे 21 टक्के होता. त्याच सर्वेक्षणाच्या जुलै 2019 ते जून 2020 च्या वार्षिक अहवालात मात्र 4.8 टक्के, म्हणजे आधीच्या वर्षाच्या 5.8 टक्क्यांपेक्षाही कमी, असा दर आला. यात कोणी खोटे बोलत नव्हते. वार्षिक अहवालातील ठळक दर ‘सामान्य स्थिती’चा असतो. त्यात मुलाखतीपूर्वीच्या 365 दिवसांचा हिशेब होतो आणि बराच काळ बेकार राहिलेल्या व्यक्तीने दुय्यम काम म्हणून 30 दिवस जरी काम केलेले असले, तरी ती रोजगारात धरली जाते. तिमाही अहवालात वापरल्या जाणाऱ्या ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागील सात दिवसांपैकी एका दिवशी किमान एक तास काम पुरते. सीएमआयईचा भर मुलाखतीच्या दिवशीच्या स्थितीवर असतो. संदर्भकाळ जितका लांब, तितका धक्का बोथट होऊन दिसतो. म्हणून अचानक आलेल्या संकटाचा माग घ्यायचा असेल, तर सामान्य स्थितीचा दर वापरू नये.

यापेक्षा खोल मतभेद आहे तो ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येत, आणि माझ्या मते निर्णय घेणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. घरच्या शेतावर किंवा दुकानात विनामोबदला राबणारी स्त्री पीएलएफएसमध्ये रोजगारात धरली जाते. सीएमआयईची व्याख्या अशा कामाबाबत बरीच कडक आहे. पीएलएफएसनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण) 2017-18 मधील 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. सीएमआयईच्या मोजणीत तो त्याच्या जवळपासही फिरकत नाही. विनामोबदला श्रम मोजणे योग्यच आहे, कारण ते न मोजण्याचा अन्याय फार जुना आहे. पण त्या वाढीला ‘नोकऱ्या वाढल्या’ असे म्हणणे ही वेगळी गोष्ट झाली. शेतीतील रोजगाराचा वाटा 2018-19 मधील 42.5 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 46.1 टक्क्यांवर गेला आहे, हे शेजारी ठेवून पाहिले की वाढीचा बराचसा भाग कुठे जिरला असावा याचा अंदाज येतो.

ईपीएफओच्या आकड्याचा मोह मोठा आहे, कारण तो नमुना पाहणीतून न येता प्रत्यक्ष खात्यांवरून येतो. निव्वळ सभासदवाढ 2018-19 मध्ये सुमारे 61 लाख होती, ती 2023-24 मध्ये सुमारे 1.31 कोटी झाली. मात्र भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. एकोणीस जणांच्या कारखान्यात विसावा माणूस आला आणि कारखाना कायद्याच्या कक्षेत गेला, तर रोजगार एकाने वाढतो, सभासद मात्र वीसपर्यंत वाढू शकतात. शिवाय नोकरी सोडलेल्यांची नोंद उशिरा होते. एप्रिल 2020 चा आकडा प्रथम चक्क वाढ दाखवत होता आणि पुढच्या सुधारणांनंतर तो घटीत गेला. तेव्हा औपचारिकीकरणाचा वेग पाहण्यासाठी ही नोंद उपयुक्त आहे, पण तिच्या ताज्या महिन्यावर मथळा बेतणे धोक्याचे आहे.

‘क्लेम्स’विषयी थोडक्यात सांगता येते. 2023-24 मध्ये एका वर्षात 4.67 कोटी रोजगार वाढून एकूण संख्या 64.33 कोटी झाली, असे त्यातून जुलै 2024 मध्ये पुढे आले आणि बरीच चर्चा झाली. पण अलीकडच्या वर्षांसाठी ही संख्या पीएलएफएसमधील प्रमाणांना अंदाजित लोकसंख्येने गुणूनच मिळते, आणि त्या अंदाजाचा पाया 2011 ची जनगणना आहे. त्यामुळे पीएलएफएसला दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार म्हणून ती उभी करता येत नाही. साक्षीदार एकच आहे, जबाब दोनदा नोंदवला आहे. उत्पादकता आणि उद्योगनिहाय विभागणी अभ्यासणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

एकच स्रोत निवडण्याची सक्ती असेल, तर मी पीएलएफएसची साप्ताहिक स्थिती निवडेन. 2025 पासून सर्वेक्षणाची रचना बदलून नमुना मोठा केला आहे आणि मासिक दर प्रसिद्ध होऊ लागले आहेत. एप्रिल 2025 चा पहिला मासिक दर 5.1 टक्के होता. रचना बदलल्यामुळे नव्या आकड्यांची जुन्यांशी थेट तुलना मात्र जपून करावी.

नोकऱ्या गेल्या का, हाच प्रश्न असेल तर अडचण आणखी वाढते. कामावरून काढलेल्यांची देशव्यापी, नियमित मासिक मोजणी आपल्याकडे होत नाही, आणि बेरोजगारीचा दर हा तिचा पर्याय नव्हे. अशा वेळी कामगारांमधील नियमित पगारदारांचा वाटा पाहावा: 2018-19 मध्ये तो 23.8 टक्के होता, 2023-24 मध्ये 21.7 टक्के. पगाराची नोकरी सुटलेला माणूस घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसू लागला, की बेरोजगारीच्या दरात काहीच हलत नाही. हलतो तो फक्त हा वाटा.