साधी पॅरासिटामॉल की जोडगोळी?

कंबर धरलीय, अंगात कणकण आहे आणि डब्यात दोन्ही गोळ्या आहेत. पावसाळ्यात पुण्याच्या खड्ड्यांतून दुचाकी हाकणाऱ्याला हा पेच हमखास पडतो. एकीकडे नुसती 650ची पॅरासिटामॉल, दुसरीकडे आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 यांची जोडगोळी. मी दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्यात. डॉक्टर नाही, तेव्हा मत त्या बेतानंच घ्या.

गुणाला जोडगोळी सरस, हे कबूल. आयबुप्रोफेन दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणणारं शरीरातलं रसायन, तयार होऊ देत नाही, म्हणून सूज उतरते. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदूत चालतं; ताप आणि ठणका कमी होतो, सूज तशीच राहते. सिंहगड उतरताना घोटा मुरगळला तेव्हा 650नं माझं फक्त सांत्वन केलं, जोडगोळीनं चालतं केलं. मात्र तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर राखतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं. म्हणून जोडगोळी काहीतरी खाल्ल्यावरच घ्यायची, बीपी-किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. आणि डेंग्यूची नुसती शंका असली तरी नाहीच, रक्तस्रावाची भीती असते.

एवढं सांभाळता येतं. मला नडली ती मेडिकलची कात्री.

चार गोळ्या मागितल्या की पट्टी कचकन कापून मिळते. परवाच्या तापात डबा उपडा केला, तर सर्दीच्या गोळ्यांच्या तुकड्यावर ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ एवढंच शिल्लक. आत काय, किती, ते पलीकडच्या तुकड्यावर, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या घरी. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अख्खी पट्टी वाचली. सर्दीच्या प्रत्येक गोळीत 500 पॅरासिटामॉल! आदल्या दिवशी मी तापासाठी 650 तीनदा, सर्दीची तीनदा आणि कंबरेसाठी जोडगोळी तीनदा घेतली होती. बेरीज 4425 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000.

तेवढ्यानं यकृत लगेच बसत नाही, माझंही बसलं नाही. पण ही मर्यादा का, ते समजल्यावर हात आखडला. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निमूटपणे निरुपद्रवी करून लघवीवाटे घालवतं. थोड्या भागाचं एनएपीक्यूआय नावाचं विखारी द्रव्य बनतं आणि यकृतातलं ग्लुटाथायोन हे राखणदार द्रव्य त्याला तिथल्या तिथे धरतं. डोस फार झाला की नेहमीची वाट तुंबते, विखार वाढतो, ग्लुटाथायोन संपतं आणि मग ते द्रव्य यकृताच्या पेशींनाच चिकटतं. रोजची दारू किंवा खरी उपासमार असेल तर हे लवकर घडू शकतं. (एकादशीची साबुदाण्याची खिचडी उपासमारीत मोडत नाही.) यातली लबाडी अशी की पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तीही नाही, यकृताचा खरा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिला तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग. म्हणजे गोळ्या जास्त गेल्याचं कळलं की त्रास व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता कुणी म्हणेल, यात जोडगोळीचा काय दोष? विखार तर पॅरासिटामॉलचाच. खरंय. पण त्या दिवशी ती नसती तर माझी बेरीज 3450वरच थांबली असती. शिवाय लोक तिला ‘कंबरेची गोळी’ म्हणतात, त्यामुळे ती मोजायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. साध्या 650चा हिशोब मला तापातही जमतो.

तुमची कंबर माझ्यापेक्षा हट्टी असेल तर तुम्हाला कदाचित जोडगोळीच मानवेल. माझ्या डब्यातही एक पट्टी आहे, घोट्यासाठी. अख्खी घेतलीय, न कापलेली. दुकानदार जरा कुरकुरला.