मारिओ कार्ट डीएस: सगळा डोलारा एका आर बटणावर

मारिओ कार्ट डीएस कसा आहे हे नव्याने सांगण्यात अर्थ नाही. निन्टेन्डोच्या डीएस या हातातल्या मशीनवरचा २००५ सालचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, दोन कोटींहून जास्त प्रती खपलेल्या, ३२ ट्रॅक, चार-चार ट्रॅकचे आठ कप. खेळणाऱ्यांना हे पाठ आहे. मी लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. माझ्या डीएस लाइटचं आर बटण, म्हणजे वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यातलं बटण, गेलं, आणि ते गेल्यावर कळलं की या गेमने आपला सगळा डोलारा त्या एका बटणावर उभा केलाय.

मशीन आणि कार्ट्रिज दोन्ही जुनीच घेतलेली. सीलबंद डब्याचे पैसे मोजणाऱ्यातला मी नाही. वरची स्क्रीन स्वच्छ, खालची ओरखडलेली, बिजागरीपाशी एक बारीक चीर. चालतंय, म्हटलं. कित्येक महिने चाललंही. रोज रात्री एखादा कप, सुट्टीच्या दिवशी टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत. मग हळूहळू आर दाबलं की कधी गाडी उडी मारायची, कधी नाही.

दुसऱ्या एखाद्या गेममध्ये खांद्यावरचं बटण गेलं तर माणूस जुळवून घेतो. इथे जुळवून घ्यायला जागाच नाही. ए दाबून गाडी पळते, ते कोणीही करेल. खरा खेळ आर दाबल्यावर सुरू होतो. आधी छोटी उडी, उडीतच दिशा दिली की गाडी घसरत वळायला लागते, घसरता घसरता डावं-उजवं बटण आलटूनपालटून हलवायचं. चाकांमागच्या ठिणग्या आधी निळ्या होतात, पुन्हा हलवलं की तांबूस. तांबूस दिसल्या की आर सोडायचं आणि गाडी सुसाट सुटते. हा मिनी-टर्बो प्रत्येक वळणावर मिळवायचा. १५० सीसी या सगळ्यात वेगवान पातळीत संगणकाच्या गाड्या अंगावर आलेल्या असताना तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

बटण पूर्ण मेलं असतं तरी परवडलं असतं. अर्धवट मेलेलं बटण जास्त छळतं. एअरशिप फोर्ट्रेस हा ट्रॅक घ्या. तोफेतून उडून बुरुजात पडलात की गोल गोल खाली उतरायचं असतं, म्हणजे एकच लांबलचक घसरण. मी आर घट्ट धरून ठेवलेलं, ठिणग्या निळ्या झालेल्या, आणि मध्येच आतला संपर्क तुटतो. गेमला वाटतं मी बोट उचललं. गाडी सरळ होते, भिंतीला घासते, आणि मागचा स्पर्धक वारियो टाटा करून निघून जातो. बोट तर बटणावरच आहे! अशा वेळी राग कोणावर काढायचा?

सेटिंगमध्ये शोधलं. आरचं काम दुसऱ्या एखाद्या बटणावर टाकायची सोय काही दिसली नाही.

मग दुरुस्ती. ज्याच्याकडे नेलं त्याने मशीन न उघडताच सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल. मी म्हटलं, "अहो, एवढंसं बटण आहे." तर म्हणे, "बटण नाही हो, आतला स्विच गेलाय. तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो, सुटा कोण बदलत बसणार?" सांगितलेली रक्कम मशीन आणि गेम मिळून मी मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त होती. ठेवून जा, बघतो म्हणाला. ठेवलं. अनेक फोन केल्यावर परत मिळालं ते जसंच्या तसं, फक्त स्टायलस गायब.

"स्टायलस कुठंय?"

"तो नव्हताच."

होता. मी स्वतः खोचून दिला होता. मारिओ कार्टला स्टायलस तसा लागत नाही. गाडीवरचं चिन्ह रंगवायला एकदा हातात घ्यायचा आणि विसरायचा. पण प्रश्न तत्त्वाचा होता. तपासणीचे पैसे मागितल्यावर मी तेच तत्त्व त्यालाही ऐकवलं.

त्यानंतरचे काही आठवडे मी आरशिवाय खेळलो. हट्टाने म्हणा, की पैसे वसूल करायचेत म्हणून म्हणा. गाडी निवडताना वेग, प्रवेग, वजन, हँडलिंग, ड्रिफ्ट आणि आयटम असे सहा गुण दिसतात. त्यातला ड्रिफ्टचा, म्हणजे घसरत वळण्याचा पट्टा माझ्यासाठी शून्य धरून गाड्या लावून पाहिल्या. ५० सीसी निघालं, १०० सीसी रडतखडत निघालं, १५०ला मात्र हात टेकले. मिशन मोडही तिथेच अडला, कारण त्यात ठरावीक वेळात मिनी-टर्बो मारून दाखवायची कामं आहेत. त्यातल्या बिग बुली या शत्रूला मंचावरून ढकलून द्यायला आर लागत नाही, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा ढकलून घेतलं.

पण या काळात गेम पहिल्यांदा नीट पाहिला असं म्हणायला हरकत नाही. ड्रिफ्ट करताना डोळे ठिणग्यांना चिकटलेले असतात, ट्रॅक नुसता मागे पळत असतो. आता टिक-टॉक क्लॉकमधली दातेरी चाकं कुठल्या बाजूला फिरताहेत ते बघून त्यांच्यावर चढायला लागलो. वालुइजी पिनबॉलमध्ये मागून घरंगळत येणारा भलामोठा गोळा खालच्या नकाशावर आधीच दिसतो, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. ब्लूपर हा शाई फेकणारा प्राणी या गेमपासूनच मालिकेत आला. त्याने शाई टाकली की वरची स्क्रीन काळी होते, खालची मात्र लख्ख राहते. खाली बघून गाडी हाकली की शाईचा त्रास उरतच नाही. डाव्या कोपऱ्यातलं एल दाबून धरलं की केळ्याचं साल गाडीमागे लोंबत राहतं आणि मागून आलेला लाल शेल, म्हणजे पाठलाग करणारं कवच, त्यावर आदळून फुटतो. शाई असो, शेल असो, एलवर चालणारं सगळं मला तेव्हा जमायला लागलं.

म्हणून इथवर लिहून मी या गेमला बऱ्यापैकी मार्क देऊन मोकळा होणार होतो. हरत राहायचा गेम, पण बघण्यासारखा, असं काहीतरी. पुढचं लिहितोय ते मधे बरेच दिवस गेल्यावर, आणि आता मत तसं राहिलेलं नाही.

झालं असं की एका ओळखीच्याने सांगितलं, बटणाच्या फटीला ओठ लावून जोरात फुंकर मार. मला ती चेष्टा वाटली. मारली. आर चालू! आतल्या बारीकशा स्विचमध्ये धूळ बसते आणि संपर्क नीट होत नाही, तेवढंच दुखणं होतं. फुंकर एखादी संध्याकाळ पुरायची, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी तीन पाकळ्यांच्या स्क्रूला बसणारा छोटा पेचकस मिळवला, आधी बॅटरी काढली, मशीन उघडलं, स्विचवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडला, पुष्कळदा दाबून घेतलं आणि पूर्ण वाळू दिलं. उघडताना आर आणि एलच्या स्प्रिंगा उडतात, तेवढं सांभाळा. माझी एक कपाटाखाली गेली होती. तेव्हापासून बटण खणखणीत आहे. बोर्ड बदलायला निघालेल्या त्या गृहस्थांची आठवण प्रत्येक तांबूस ठिणगीला येते.

बटण परत आल्यावर एअरशिप फोर्ट्रेसच्या बुरुजातून उतरलो, अगदी तळापर्यंत, ठिणग्या तांबूस, आणि सोडलं. त्या क्षणी महिनोन् महिन्यांची चिडचिड उतरली. पुढे १५० सीसीचे कप एकामागोमाग पडत गेले. जिंकत गेलं की नवीन गाड्या उघडतात, ते आमिष चांगलंच काम करतं. पात्रं १२ आणि गाड्या ३६ आहेत. लुइजीची एक गाडी चक्क व्हॅक्युम क्लीनरच्या आकाराची आहे. रॉब नावाचा रोबोही खेळाडू म्हणून मिळतो. हा १९८५ सालचा खराखुरा खेळण्यातला रोबो, निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती मशीनसोबतचा.

आणि मग टाइम ट्रायलमध्ये एक कोडं सुटलं. कार्ट्रिजवर आधीच्या मालकाच्या वेळा तशाच होत्या, मी त्या पुसल्या नव्हत्या. फिगर-८ सर्किटवर त्याची वेळ अशी की वळणावळणावर बिनचूक मिनी-टर्बो मारूनही मी जवळपास पोचत नव्हतो. मग त्याचा घोस्ट, म्हणजे त्याच्या शर्यतीची साठवलेली सावली, सोबत लावून शर्यत केली. गाडी ड्राय बोन्स या पात्राची, नाव ड्राय बॉम्बर. ती सरळ रस्त्यावरही सरळ जात नव्हती! डावीकडे घसरण, ठिणग्या, टर्बो, लगेच उजवीकडे घसरण, ठिणग्या, टर्बो. वळण असो नसो, सापासारखी नागमोडी. यालाच स्नेकिंग म्हणतात, आणि या गेममध्ये त्याच्याइतका वेग दुसऱ्या कशानेच मिळत नाही. एका फेरीत आर बटण किती वेळा दाबलं-सोडलं जात असेल याचा हिशोब करा. माझ्या मशीनचं बटण कोणी झिजवलं हे मला आता ठाऊक आहे. त्या भल्या माणसाने गेमसोबत पुरावाही विकला.

मीही शिकून पाहिलं. डावा अंगठा दुखायला लागला, वेळ मात्र खरंच घटली. पण रेनबो रोडसारख्या ट्रॅकवर, जिथे मान वर करून बघावं, तिथे मी ठिणग्या मोजत बसलो होतो. शिवाय दर दाबण्यागणिक आतला तो इवलासा स्विच डोळ्यांसमोर यायचा. सोडून दिलं. बनवणाऱ्यांनाही पुढे हे फारसं रुचलं नसावं. २००८ साली निन्टेन्डोच्या वी या टीव्हीला जोडायच्या मशीनवर आलेल्या मारिओ कार्टमध्ये डावं-उजवं हलवणं गेलं, वळण काही वेळ धरून ठेवलं की ठिणग्या आपोआप तयार होतात. मी आता ड्रिफ्ट फक्त वळणावर करतो. घोस्ट पुढे निघून जातो. जाऊ दे. त्याच्यापायी मी पुन्हा पेचकस हातात धरणार नाही.

बॅटल मोड, म्हणजे शर्यतीऐवजी एकमेकांशी लढायचा प्रकार, त्याबद्दल थोडं, कारण भाचीमुळे तो पुष्कळ खेळून झालाय. एकाच कार्ट्रिजवर डाउनलोड करून दुसऱ्या डीएसवर खेळता येतं, ही मोठी बचत. पण कार्ट्रिज नसलेल्याला पात्र म्हणून फक्त शाय गाय मिळतो आणि ट्रॅक मोजकेच. "मामा, तू योशी आणि मी दरवेळी हाच का?" याला माझ्याकडे उत्तर नाही, दुसरी कार्ट्रिज घेणं हे उत्तर मी द्यायला तयार नाही. बॅटलमध्ये फुगे फुगवायचे तर मायक्रोफोनमध्ये फुंकायचं. सिलेक्ट दाबून धरूनही फुगतात, पण ती ऐकते कुठे. मायक्रोफोन बिजागरीच्या मधोमध असतो, ती सगळ्या मशीनवर फुंकते. माझं आर बटण इतकं टिकलंय त्यात तिचाही वाटा असेल.

ऑनलाइनचं नावच काढू नका. निन्टेन्डोने ती सेवा मे २०१४ मध्ये बंद केली. चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर आहेत, पण हा गेम वायफायला जोडायचा तर डब्ल्यूईपी ही जुनी, कच्ची सुरक्षा लागते किंवा पासवर्ड नसलेलं नेटवर्क. एका शर्यतीसाठी घरचं राउटर उघडं टाकायला मी तयार नाही.

जुना सेट घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच गेम लावा. कुठलाही ट्रॅक सुरू करून जागच्या जागी आर दाबत राहा. दर दाबण्याला गाडीने उडी मारलीच पाहिजे. मग एका मोठ्या वळणावर आर धरून ठेवा आणि ठिणग्या मध्येच विझतात का बघा, कारण खरी खोट दाबताना कळत नाही, धरल्यावर कळते. एखादा कप पुरा करा, मशीन बंद करून परत लावा आणि निकाल टिकलाय का पाहा. नकली कार्ट्रिजमध्ये बरेचदा तो टिकत नाही. टाइम ट्रायलच्या जुन्या वेळाही चाळा. वेळा अचाट असतील आणि गाडी ड्राय बॉम्बर असेल, तर सांगितलेल्या किमतीत घासाघीस करा.