सुटे बाथरूम ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर : जळगावातील खरेदीचा अनुभव

आखाजीला बहीण माहेरी येणार होती, म्हणून घरसफाईसाठी मी आमच्या भागातील एका किराणा दुकानातून सुट्या ॲसिडची एक लिटरची बाटली आणि पाव किलो ब्लिचिंग पावडर घेतली. बोअरच्या जड पाण्यामुळे नळाखालच्या फरशीवर क्षारांचा जो पांढरा थर बसतो, तो काढण्यात हे ॲसिड वाकबगार आहे, हे आधीच मान्य करतो. ओतताच फेस येतो आणि दोन मिनिटांत फरशीचा मूळ रंग दिसू लागतो.

तक्रार आहे ती विक्रीच्या पद्धतीबद्दल. बाटली पिण्याच्या पाण्याची, जुनीच. तिच्यावर ना नाव होते ना सूचना. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार सुटे ॲसिड विकताना ग्राहकाचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवायला हवी, पण मला फक्त सुटे पैसे आहेत का, एवढेच विचारण्यात आले. दोन्ही एकत्र वापरले तर चालेल का, या माझ्या प्रश्नावर ‘काही नही व्हत भाऊ’ असे म्हणून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रात्री मोरीत भुरभुरलेल्या पावडरीवरच मी सकाळी ॲसिड ओतले आणि उन्हाच्या झळा नकोत म्हणून खिडकीही लावून घेतलेली होती. पिवळसर वाफ उठली, डोळे चुरचुरले आणि असा ठसका लागला की दाराची कडीही सापडेना. पावडरीतील हायपोक्लोराइट आणि बाटलीतील हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्याचे नाक नेमके तिथेच असते. श्वासनलिकेच्या ओलाव्यात मिसळून त्याचे पुन्हा आम्ल होते आणि आतील अस्तर भाजून निघते. तासाभराने मला बरे वाटू लागले होते, तरी फुफ्फुसात पाणी भरण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. पुढे सहा आठवडे जिना चढताना धाप लागत होती आणि उदबत्तीच्या धुरानेही खोकल्याची उबळ येत होती.

आता मी गरम पाण्यात लिंबूसत विरघळवून अर्धा तास डागांवर ठेवतो. थर पूर्ण निघत नाही, घासावेही लागते. मात्र लिंबूसतही आम्लच असल्याने ब्लिचिंग पावडरीचा डबा मी मोरीतून हलवून गच्चीवरच्या टाकीजवळ ठेवला आहे.