पोस्टखालची रक्कम लपवा! पैसे देणाऱ्या सोशल ॲपचा काही महिन्यांचा अनुभव

या ॲपवर पोस्टला इतरांची मतं मिळाली की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. मतांचं वजन कसं धरतात, पैसे काढायला किती शिल्लक लागते वगैरे तपशिलात शिरत नाही. लिहायला बसले कारण माझी कमाई अडकली आहे. मदत कक्षाला कितीही विचारा, उत्तर एकच: ‘तुमच्या कमाईची गुणवत्ता तपासणी सुरू आहे.’ कोणती पोस्ट, कोणता नियम, कधीपर्यंत, काही नाही. रक्कम किरकोळ आहे, पण पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला असलं उत्तर चालत नाही. पैसे मिळतील म्हणून बोलावलंत ना? मग हिशेब द्या.

तरीही माझी खरी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक पोस्टखाली तिची कमाई सगळ्यांना दिसते. मला या ॲपमधली हीच एक गोष्ट सहन होत नाही.

आमच्या गटात एका बाईंनी वडिलांच्या पक्षाघाताबद्दल लिहिलं होतं. कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, स्वतःची चिडचिड कशी आवरायची, सगळं मनापासून. पोस्ट चालली, खालचा आकडा वाढत गेला. मग कुणीतरी लिहिलं, ‘आजारपणाचे चांगले पैसे झाले की!’ पाठोपाठ आणखी चार जण तेच बोलले. बाईंनी पोस्ट काढून टाकली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांचं नुकसान झालं ते झालंच. रक्कम दिसत नसती तर हे बोलणं कुणाला सुचलंही नसतं.

रोजचं वाचनही तसंच बिघडतं. नजर आधी आकड्यावर जाते, मग मजकुरावर. जास्त कमावणाऱ्याच्या पोस्टखाली ‘अप्रतिम’, ‘खूप उपयुक्त’ यांची रांग, आणि मेहनतीने लिहिलेली पण आकडा न चढलेली पोस्ट कुणी उघडतही नाही. कुणी कौतुक केलं की मनात येतं, याला बदल्यात माझं मत हवंय का?

हे नवीन नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टीमिट या लिहिण्याचे पैसे देणाऱ्या साइटवर पोस्टखाली डॉलरमधली रक्कम दिसायची. ज्याचं जास्त स्टीम (तिथलं आभासी चलन) गुंतलेलं, त्याच्या मताला जास्त वजन. पैसे सात दिवसांनी मिळायचे, त्यानंतर त्या पोस्टवर मत देऊन कुणालाच काही मिळत नसे, त्यामुळे जुन्या लेखांवर चर्चा करायला कारणच उरायचं नाही. पुढे तर पैसे घेऊन आपोआप मतं देणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, निघाले. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखक आणि मत देणारे यांच्यातली मोबदल्याची ७५-२५ ची वाटणी ५०-५० केली, पोस्टची कमाई घटवणाऱ्या विरोधी मतांसाठी वेगळा कोटा दिला. वाटणीचं गणित बदललं, पोस्टखालची रक्कम मात्र तशीच सर्वांसमोर राहिली.

नंतरची भर: वरचं लिहून ठेवलं होतं तेव्हा ‘पैसेच बंद करा’ असं मत होतं. मधल्या काळात आमच्या गटात काही दिवस मोबदला थांबवला गेला. इकडून तिकडून उचललेल्या पोस्ट लगेच आटल्या, मी खूश झाले. पण वायरिंगच्या शंकांना सविस्तर, आकृत्या काढून उत्तरं देणारा एक मुलगाही दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाला, ‘ताई, इंटरनेटचा खर्च यातूनच निघायचा.’ त्याच्या वेळेला मोल नको, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? तेव्हा पैसे राहू देत.

फक्त देण्याची पद्धत बदला. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग इथे लागू पडतो असं मला वाटतं. चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस न सांगता, अचानक मिळालं, त्यांचा ओढा तसा घटला नाही. क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटने २०१८ मध्ये प्रश्न विचारण्याचे पैसे देणं सुरू केलं आणि तिथे निरर्थक प्रश्नांचा ढीग साचला. एक्सने (आधीचं ट्विटर) २०२३ मध्ये पोस्टखालच्या उत्तरांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर मोबदला दिला, म्हणजे लोकांना चिथावून उत्तरं ओढण्यात फायदा. ज्याचे पैसे जाहीर कराल, तेच लोक भरमसाट करतील.

मी कंपनीला लिहिलंय की रक्कम फक्त लेखकाला दिसू द्या, महिन्याच्या शेवटी एकदाच, आणि रोखलीत तर कारणासकट. सध्याची सेटिंग रक्कम फक्त माझ्या स्क्रीनवर लपवते, बाकीच्यांना ती दिसतेच, म्हणजे तिचा उपयोग शून्य.

नव्याने येणाऱ्यांनो, जमलेले पैसे साठवू नका, पैसे काढण्याची किमान मर्यादा गाठली की लगेच काढा. आजारपण, मृत्यू, घरातले तंटे यांवर लिहायचं असेल तर ‘मोबदला नाकारा’ हा पर्याय आधी निवडा, मेन्यूत अगदी तळाशी आहे. पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या वायरिंगवाल्या मुलासारख्या लोकांसाठी. माझे अडकलेले पैसे अजून आलेले नाहीत, आले की इथेच कळवीन.