कृषी सेवा केंद्राची उधारी: वही, टॅली, गुगल शीट की पॉवर बीआय?

लातूर जिल्ह्यात माझं बी-बियाणं, खत आणि औषधांचं दुकान आहे. जूनमध्ये माल उधार जातो, पैसे ऑक्टोबरात येतात. "मामा, सोयाबीन निघालं की पहिले पैसे तुमचे," हा शब्द बहुतेक जण पाळतात. पण ऑगस्टात एखाद्या मंडळात (म्हणजे काही गावांच्या महसुली गटात) पावसानं ओढ दिली, की तिथल्या सगळ्या गावांचे पैसे एकदमच अडकतात. दोन हंगामांपूर्वी माझी तीन गावांतली उधारी अशीच थकली. वहीत नाव न् नाव होतं, पण खाती गिऱ्हाइकांच्या नावानं लावलेली. या तीन गावांतच माझी निम्मी उधारी आहे, हे दिवाळीत बेरीज मारल्यावर कळलं.

म्हणून डॅशबोर्ड, म्हणजे सगळा हिशोब एका नजरेत दाखवणारं साधन, निवडताना मी त्याला तीनच प्रश्न विचारतो: उधारी कोणत्या गावात आहे, किती दिवसांची आहे आणि कोणत्या मालाची मुदत संपत आलीय?

वहीला यातलं एकही उत्तर चटकन देता येत नाही. तरी ती टाकू नका, कारण तिच्यात गिऱ्हाइकाची सही असते. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण 3 वर्षांच्या आत करावा लागतो. त्या मुदतीत गिऱ्हाइकानं बाकी मान्य करून सही दिली, तर मुदत तिथून नव्यानं मोजतात.

जीएसटीमुळे बऱ्याच दुकानांत टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आधीच आहे, आणि तिन्ही उत्तरं तिच्यात मिळतात. गावाप्रमाणे ग्रुप पाडा, उधारीची नोंद बिलवार ठेवा, मालाला बॅच आणि एक्सपायरी चालू करा. येणे बाकी 30, 60, 90 दिवसांप्रमाणे वेगळी दिसते. अडचण नोंदीची आहे. अकाउंटंट महिन्याच्या शेवटी येऊन बिलं चढवत असेल, तर ऐन पेरणीत तुम्ही महिनाभर जुनं चित्र बघत असता.

गुगल शीट फुकट आहे आणि मोबाइलवर काउंटरवरूनच भरता येते. तारीख, नाव, गाव, मंडळ, रक्कम, जमा, देय तारीख एवढे रकाने उधारीला पुरतात. मुदतीसाठी बॅच आणि एक्सपायरीचं वेगळं पान करा. पिव्होट टेबलनं गाववार बेरीज निघते, उलटलेली तारीख आपोआप लाल करता येते. आलेखच हवे असतील तर हीच शीट लुकर स्टुडिओला जोडता येते, त्यालाही पैसे पडत नाहीत. धोका आहे तो चुकून आकडा पुसला जाण्याचा. सूत्रांचे रकाने लॉक करा. जुनी प्रत व्हर्जन हिस्टरीतून परत मिळते. आणि लिंक सगळ्यांना उघडी ठेवू नका. त्यात लोकांची देणी लिहिलेली आहेत.

पॉवर बीआय हे आकड्यांचे अहवाल-आलेख काढणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं, पण भागीदाराला तोच अहवाल नीट शेअर करायचा तर सहसा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. तीन-चार शाखा असतील तरच त्याच्या मागे लागा.

आणखी एक तारीख यातल्या कशातही टाकाच. पुरवठादाराचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. 10 जूनच्या खताच्या बिलाचे 180 दिवस 7 डिसेंबरला भरतात. म्हणजे सोयाबीनचा पैसा लांबला की कराचा बोजाही आपल्यावरच येतो. मुदत संपलेलं औषध तर विकताच येत नाही, म्हणून एक्सपायरीच्या तीन महिने आधी लाल खूण हवी.

माझा कौल असा: टॅली असेल आणि नोंद रोजच्या रोज होत असेल, तर नवीन काही घेऊ नका. टॅली नसेल किंवा नोंदी मागे पडत असतील, तर गुगल शीट. सहीसाठी वही दोन्हीकडे राहू द्या.

मी शीट वापरतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळवार पाऊस मिळतो; ऑगस्टात तो उधारीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघतो. जिथं पाऊस दडी मारून बसलाय, तिथं वसुलीसाठी दिवाळीची वाट बघत नाही. आधीच घरी जातो, शेतकऱ्यासोबत बसतो आणि त्याला झेपतील असे हप्ते ठरवून येतो.